अर्जात आत्याला रकाना नव्हता

जवळचं आपलं कुणी नाही, हे कागदोपत्री सिद्ध करायला मी तीन आठवड्यांची रजा काढून कॅनडाहून कांजूरमार्गला आले होते. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. मी एकतीस वर्षांची होते आणि तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते. त्या देशात कायम राहायची परवानगी मी मिळवली ती एकाच कारणासाठी. अशी परवानगी असलेल्याला आपली वडीलधारी माणसं नेता येतात, असं कळलं होतं. कागद हातात पडला त्याच आठवड्यात मी इमिग्रेशनच्या काउंटरवर जाऊन उभी राहिले. अर्जात आईला रकाना होता, वडिलांना होता, आजी-आजोबांनाही होता. आत्याला नव्हता.

"ती मला आईच आहे," मी काउंटरवरच्या बाईंना सांगितलं.

"पण आई नाही ना?"

"नाही."

त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि एकेक विचारत गेल्या. लग्न झालंय? नाही. मुलं? नाही. भाऊ, बहीण? नाही. आई, वडील, आजी, आजोबा? कुणीच नाही. या देशात दुसरं कुणी नातलग? तेही नाही. दर उत्तराला त्यांचा चेहरा उतरत होता आणि शेवटच्या उत्तराला एकदम खुलला. ज्याला असं कुणीच नसतं, त्याला कुठलाही एक नातेवाईक आणता येतो, असं एक कलम होतं.

"फक्त त्या इथे पोचेपर्यंत लग्न करू नका," त्या म्हणाल्या. "केलंत की हे कलम तुम्हाला लागू नाही."

मी म्हटलं, नाही करणार. मला ते फार सोपं वाटलं होतं.

मी सहा वर्षांची असताना आधी आई गेली, बाळंतपणात, आणि चार महिन्यांत काविळीने वडील. मला कुठल्या तरी आश्रमात ठेवावं असं नातेवाइकांचं ठरत आलं होतं. वडिलांची धाकटी बहीण, माझी विधवा आत्या, माझा हात धरून मला आपल्या कांजूरमार्गच्या खोलीवर घेऊन आली. विक्रोळीच्या एका कारखान्यात ती औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरायची. दिवसभर उभं राहून. वीस वर्षांत त्या उभं राहण्याने तिचे गुडघे गेले, आणि मी लॅबचा कोर्स करून परदेशी पोचले.

आता तिने बासष्टी गाठली होती. मी सगळं समजावून सांगितलं, तर तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "माका नाय जावचा खंय. तू लगीन कर आणि सुखान् रव."

"लग्न नंतर."

"नंतर म्हणजे कधी? म्हातारी झाल्यार?"

मी तिच्याशी वाद घातला नाही. कागद जमवायला लागले.

कुणीतरी अंधेरीच्या एका एजंटचं नाव सुचवलं. आम्ही दोघी घाटकोपरला जाऊन तिथून बसने अंधेरीला गेलो. स्टेशनजवळच्या एका दुकानावर त्याचं ऑफिस होतं. त्याने आमचं रेशनकार्ड पाहिलं आणि टेबलावर थाप मारली.

"झकास! मॅडम, अर्धं काम झालंय तुमचं."

कार्डावर माझ्या नावापुढे 'मुलगी' लिहिलेलं होतं. भाची म्हटलं की कारकून पन्नास कागद मागायचा, म्हणून आत्याने तेव्हा तसं लिहून टाकलं होतं. शाळेतही तिने तेच सांगितलं होतं.

"सरळ आई म्हणून अर्ज भरा," एजंट म्हणाला. "आईची केस पटकन सुटते. आत्या म्हटलं ना, की ते लोक दहा प्रश्न विचारणार. आणि तुम्हाला लग्नपण करता येईल. कोण बघायला येतंय?"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मी पेन काढलं होतं.

"आणि हिच्या आवशीचा काय?" आत्याने विचारलं.

"त्या तर वारल्या ना, मावशी? त्यांना आता काय फरक पडतो?"

आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली. रेशनकार्ड त्याच्या पुढ्यातून उचलून तिने पिशवीत टाकलं. "तिका नाय पडाचो. माका पडता," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

बसमध्ये मी संतापले होते. "रेशनकार्डावर तूच लिहिलंस ना मुलगी? तेव्हा नाही आठवली माझी आई?"

"ता साखरेसाठी लिहिलेला गो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "एकदा खोटा बोललंय तुका वाढवूक. आता तुझी आवस पुसून टाकूक सांगतस?"

घरी जाऊन मी अर्ज खरा भरला.

आता आत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण आहे, हे सिद्ध करायचं होतं. तिच्या गावच्या शाळेतून दाखला मागवला. उरलं एक प्रतिज्ञापत्र. ते देऊ शकणारे एकच होते, आत्याचे थोरले भाऊ, माझे काका. ते बोरिवलीला राहायचे. मी एकटीच गेले.

काकांनी कागद नीट वाचला, घडी केला आणि टीपॉयवर ठेवला. "सही करतो. पण आधी एक मुलगा बघ. आमच्याच सोसायटीतला आहे. इंजिनिअर. त्याला तिकडे जायचंच आहे."

"त्याला मी हवी आहे की माझा कागद?"

"दोन्ही," काका शांतपणे म्हणाले. "मी शब्द देऊन बसलोय त्यांना. हे बघ, एका माणसालाच न्यायचं असेल तर ज्याचं आयुष्य उभं राहील त्याला ने. तिला नेऊन काय उपयोग? किती वर्षं राहिलीत तिची?"

"काका, मी सहा वर्षांची होते तेव्हाही तुम्ही हाच हिशेब केला होता. माझा."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही. कागद उचलून निघाले. मान खाली घालावी असं काही मी बोलले नव्हते.

घरी आले तर आत्या काकांच्याच बाजूची. "बरोबर बोलता तो. पोरगो इंजिनिअर आसा. माझ्यापायी तू कित्याक थांबतंस?"

मग मी ते विचारलं, जे कधी विचारणार नव्हते. "मी इथे आले तेव्हा तुला दोन स्थळं आली होती ना? मला आश्रमात ठेवलंस तर लग्न करू म्हणणारी? तू का थांबलीस?"

"तुका कोणी सांगितला?"

"शेजारच्या काकूंनी. मी कॉलेजात असताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इस्त्रीचं लुगडं नेसली, प्रतिज्ञापत्र पिशवीत घातलं आणि मला बरोबर येऊ न देता बोरिवलीला गेली. त्या गुडघ्यांनी. संध्याकाळी परत आली तेव्हा कागदावर काकांची सही होती.

"काय म्हणालीस त्यांना?"

"काय नाय. दारात बसलंय. म्हटला, सही होयसर हयच बसतंय. शेजारचे येवन विचारूक लागले, आजी, काय झाला? मगे केल्यान सही."

मी हसत सुटले. ती हसली नाही. "माका चाय दी," म्हणाली.

दीड वर्षाने दिल्लीला मुलाखत झाली. मी पुन्हा रजा काढून आले, पण मला आत सोडलं नाही. दुभाष्याला घेऊन अधिकाऱ्याने तिला कागदांत जोडलेलं रेशनकार्ड दाखवलं. इथे मुलगी लिहिलंय, अर्जात भाची, खरं काय?

"अर्जातला खरा," आत्या म्हणाली.

"मग तेव्हा खोटं का लिहिलं?"

"तेव्हा खरा सांगितला असता तर पोरीक शाळेत कोणी घेतला असता? तुमी?"

दुभाषा जरा अडखळला होता म्हणे. तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं. बाहेर आल्यावर मला हे सांगताना तिला जराही भीती वाटत नव्हती. मला घाम फुटला होता. पाच महिन्यांनी पत्र आलं, मंजूर.

ती माझ्याकडे अकरा वर्षं राहिली, शेवटपर्यंत. थंडीला तिने रोज शिव्या दिल्या. सुके बोंबील भाजले म्हणून इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली, तर तिने खिडकी उघडली आणि दुसरी जुडी तव्यावर टाकली. बोरिवलीची मंडळी अजून म्हणतात, म्हातारीला उगाच परक्या मुलखात नेऊन एकटं पाडलं. एकटी ती होतीच, मी गेल्यापासून कांजूरमार्गलाही. पण संध्याकाळी मी कामावरून यायचे तेव्हा दार उघडायला ती होती आणि तिची तब्येत बघायला मी. याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही. माझं लग्नाचं वय निघून गेलं, असंही म्हणतात. ते माझं होतं, मी घालवलं.

लग्न मी छत्तिसाव्या वर्षी केलं, लॅबमध्येच भेटलेल्या एका गुजराती माणसाशी. त्याच्याकडे त्याचा स्वतःचा कागद होता. आत्याला तो बोलायला-चालायला आवडला. पण तो मासे खात नव्हता, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी तिने त्याला दोन वर्षं नीट जेवायला वाढलं नाही.