घोड्याचा कान

आमच्या खोलीत दोन गोष्टी साठत जातात. एक खापरं आणि दुसरे किस्से. खापरांना निदान नंबर घालून डब्यात ठेवता येतं. किश्श्यांचं तसं नाही, कुठला आधी घडला आणि कुठला नंतर, हेच मला आता आठवत नाही. त्यामुळे जसे हाताला लागतील तसे सांगतो.

धाराशिवला आमच्या कॉलेजात इतिहास विभागाच्या मागं ही खोली आहे. आसपासच्या शेतांत सापडलेली खापरं इथं जमा होतात. मी मुळात राज्यशास्त्राचा माणूस. इतिहासाची जागा भरेपर्यंत मला इथं बसवलं, त्याला अकरा वर्षं झाली. विभागप्रमुख तेव्हा पाटोळे सर. त्यांचा विषय प्राचीन ग्रीसची रंगवलेली मडकी. धाराशिव कुठं, ग्रीस कुठं! पण सरांनी तीस वर्षं दुसरं काही वाचलं नाही. फरीदा मॅडम खापरांची चित्रं काढतात. आणि विलासमामा शिपाई. मामांचं गाव तेर, सासुरवाडी येरमाळा. एवढाच आमचा संसार.

पहिल्याच दिवशी सरांनी मला दोन फोटो दाखवले. एका मडक्यावर माणसं काळी आणि मागची जागा लाल. दुसऱ्यावर माणसं लाल आणि मागची जागा काळी. आधीची रीत कुठली आणि नंतरची कुठली, हे सरांनी नीट समजावलं. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वर्गात उलटं शिकवून आलो. तिसऱ्या दिवशी सुधारायला गेलो तर पोरं म्हणाली, काल बरोबर होतं. आजही त्या तासाला जाताना मी तळहातावर लिहून नेतो.

शेवटी विलासमामांनी एक युक्ती सांगितली. ते म्हणाले, "आधी माणूस रंगवायचे. मग शहाणे झाले, माणूस सोडून बाकीचं रंगवाय लागले."

अकरा वर्षांत मला एवढं एकच पक्कं लक्षात राहिलंय.

सरांची खरी विद्या म्हणजे कान. त्या मडक्यांवर चित्रकारानं नाव क्वचितच घातलेलं असतं. मग कुठलं चित्र कुणाचं, हे ओळखायचं कसं? सर म्हणतात, चेहरा बघू नका, चेहरा सगळे जपून काढतात. कान बघा, पायाची बोटं बघा. तिथं कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिथं हात खरा बोलतो. दोन मडक्यांवरचे कान जुळले की माणूस एकच.

एकदा फळ्यावर कुणीतरी सरांचं व्यंगचित्र काढलं. टक्कल, ढेरी, हातात भिंग, सगळं झकास. प्राचार्य तापले, वर्गाला शिक्षा करायला निघाले. सर फळ्याजवळ गेले, भिंग काढलं आणि पाच मिनिटं स्वतःचाच कान न्याहाळत उभे राहिले. मग परत आले आणि म्हणाले, मुलांना सोडून द्या, हा हात आपल्याच विभागातला आहे.

फरीदा मॅडम खाली मान घालून म्हणाल्या, "सर, कान सोडूनच काढायला पाहिजे होतं."

सरांचा एक जुना विद्यार्थी अथेन्सला जाऊन आला. त्यानं सरांसाठी तिथल्या दुकानातून एक नकली प्याला आणला. पसरट, धरायला दोन बाजूंना दोन कान, बाहेरून दोन मोठे डोळे रंगवलेले. विलासमामांनी तो पहिल्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून ठेवला. का, तर साहेब लोकांना नजर लागते म्हणून.

सर म्हणाले, हे डोळे कशाला आहेत ते पिऊन दाखवतो. मामांनी त्यात चहा ओतला. सरांनी प्याल्याचे दोन्ही कान धरून तो तोंडाला लावला. आता समोरच्याला सरांच्या चेहऱ्याच्या जागी ते दोन डोळे दिसायला हवेत, अशी त्यामागची कल्पना. नेमके त्याच वेळी प्राचार्य दारात आले. ते डोळे बघून तिथंच थबकले. सरांनी त्यांना नमस्कार करायला एक हात सोडला आणि चहा सगळा शर्टावर!

प्राचार्य म्हणाले, नंतर येतो. पुढं चार महिने ते आमच्या खोलीकडं फिरकलेच नाहीत.

मागं सास्तूरचे एक आजोबा मोटारसायकलवर मागं बसून आले होते. रुमालात एक तुकडा. लई जुना आहे, बघा म्हणाले. मी बघितला, फरीदा मॅडमनी बघितला. लोणच्याच्या बरणीचा तुकडा होता, अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी. आता या म्हाताऱ्या माणसाला सांगायचं कसं, या पेचात आम्ही दोघंही पडलो. सरांनी मात्र त्यांना खुर्ची दिली आणि कार्ड काढलं.

आमच्याकडं प्रत्येक तुकड्याचं कार्ड असतं. कुठं सापडला, काळ कुठला, चित्रकार कोण. हा चित्रकाराचा रकाना सरांचा हट्ट. आमची सगळी खापरं साधी, त्यांवर चित्र कसलं? तरी सर म्हणायचे, रकाना ठेवा. त्यामुळे अकरा वर्षं मी त्यात 'अज्ञात' लिहीत आलोय. माझ्या सहीपेक्षा तो शब्द मी जास्त वेळा लिहिला असेल.

सरांनी विचारलं, "काळ काय लिहू, आजोबा?"

आजोबा रुमालाची घडी करत म्हणाले, "भूकंपाच्या आदीचा."

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव पडलं होतं. सरांनी तसंच लिहिलं. तो तुकडा अजून आमच्याकडं नंबरानं आहे.

आता शेवटचा किस्सा. त्याआधी एक सांगायला हवं. गेल्या वर्षी एका मुलीनं भर वर्गात विचारलं, "सर, यातलं खरं एखादं तुमी हातात घेतलंय का?" सर म्हणाले, नाही. एवढंच. फोटो, पुस्तकं आणि एकदा दुसऱ्या गावच्या संग्रहालयात काचेआडून. त्या दिवशी सर डबा न खाता घरी गेले. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. मला फार वाईट वाटलं.

आणि पंधरा दिवसांनी विलासमामांनी त्यांच्या तेरच्या शेतातून, बांधावरून, एक खापर आणलं. तळहाताएवढं. लाल मातीवर काळ्या रंगात घोड्याची मान, आयाळीच्या बारीक रेघा, पुढं झुकलेला एक टोकदार कान आणि लगाम धरलेला माणसाचा हात.

सर खाली बसले. खापर त्यांनी तळहातावर घेतलं.

तेरचा व्यापार एके काळी समुद्रापलीकडं चालायचा, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत आहे. मग एखादं मडकं तिकडून का आलं नसेल? मी कधी नव्हे ते वाचून ठेवलं होतं, म्हणालो, सर, ती मडकी त्या व्यापाराच्या पाच-सहाशे वर्षं आधीची ना? सर म्हणाले, "आजीचं मडकं कुणी टाकून देतं का? घरात टिकतंच की."

महिनाभरात सरांनी चाळीस पानांचा लेख लिहिला. आता तो पुण्याच्या एका संशोधन नियतकालिकाला पाठवायचा होता. छापून आला तर तीस वर्षांचं सार्थक, खोटा ठरला तर उतारवयात हसं. फरीदा मॅडमना वाटायचं पाठवावा, मला वाटायचं थांबावं, आणि दुसऱ्या दिवशी आमची मतं अदलाबदल व्हायची. सरांना एकच शंका होती. कानाची ती रेघ एका दमात ओढलेली होती. तसं कुठल्या कुंच्यानं होतं, हे एखाद्या रंगवणाऱ्याला विचारावं. मामा म्हणाले, सासुरवाडीच्या शेजारी सुभद्राबाई कुंभार आहेत, लग्नात पुजायची मडकी त्याच रंगवतात.

आम्ही चौघं एसटीनं येरमाळ्याला गेलो. सुभद्राबाई ओसरीवर बसल्या होत्या. वय साठीच्या पुढं. सरांनी रुमाल उलगडून खापर त्यांच्या हातावर ठेवलं आणि कुंचा कुठला असेल, असं विचारलं.

बाईंनी ते आधी उलटं केलं. आतून अंगठा फिरवला. मग चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या आत्याबाईचं."

आत्याबाई म्हणजे त्यांची सासू. विलासमामा हळूच दोन पावलं मागं सरकले आणि पुटपुटले, "मग ते माझ्याच लग्नातलं असंल. घोड्यावर नवरदेव असतोय." त्यांच्या लग्नातली मडकी याच घरातून तेरला गेली होती. फुटल्यावर मामांनीच ती बांधावर टाकली असणार.

मी सरांकडं बघायचं टाळलं. सर मात्र अगदी शांतपणे म्हणाले, "कशावरून म्हणता, बाई?"

"कानावरून," सुभद्राबाई म्हणाल्या. "समदे तोंड आदी काढत्यात. आत्याबाई कान आदी काढायच्या."

त्या आत गेल्या आणि एक आख्खं जुनं मडकं घेऊन आल्या. त्यावरही घोडा होता. सरांनी भिंग काढलं. एकदा हा कान, एकदा तो कान. बराच वेळ ते तसेच बघत राहिले. मग भिंग खिशात ठेवलं आणि मडकं दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं.

"तीस वर्षं मी दोन कान जुळवून सांगत आलो, हा हात एकाच माणसाचा," सर म्हणाले. "बरोबर की चूक, हे सांगायला समोर कधी कोणी नव्हतं."

सर रडतायत की हसतायत, मला खरंच कळेना.

मग त्यांनी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. स्थळ, काळ भरून झाल्यावर चित्रकाराच्या रकान्यापाशी पेन थांबवून त्यांनी सासूबाईंचं नाव विचारलं. सुभद्राबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही त्यांची रीत.

"नाव मला घेता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "द्या इकडं."

सरांच्या हातातून पेन घेऊन त्यांनी त्या रकान्यात एका दमात एक रेघ ओढली आणि कार्ड परत दिलं.

लेख पुण्याला गेलाच नाही. सर जूनमध्ये निवृत्त झाले. परवा नवीन विभागप्रमुख सगळी कार्डं तपासत होते. एका कार्डाशी थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे काय आहे? चित्रकाराच्या रकान्यात कुणी घोड्याचा कान काढून ठेवलाय?"

मी म्हणालो, "सर, ते नाव आहे."