जांभळाच्या चवीची कोकरं

अपेक्षा आणि मी, आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर पीएचडी करतो. माझा विषय रक्तदाबाच्या गोळ्या. मोठी माणसं त्या मुकाट्यानं गिळतात, त्यामुळे मला चवीची काळजी नाही. अपेक्षाचा विषय म्हणजे मुलं आपणहून खातील अशी जीवनसत्त्वं. गिऱ्हाईक पाच वर्षांचं, आणि आवडलं नाही तर थेट अंगावर थुंकणारं. असल्या फंदात शहाण्या माणसानं पडू नये, हे मी तिला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

ती का पडली, ते तिच्या घरी गेल्यावर कळलं. घोटावड्याच्या वरच्या अंगाला धनगरांची सातआठ घरं आहेत, त्यातलं एक तिचं. वडील म्हसू मेंढरं आणि शेळ्या राखतात, भाऊ धनाजी खाली कारखान्यात जातो. लहानपणी ही औषधाला तोंड उघडायची नाही. मग वडील हिला मेंढरासारखंच गुडघ्यांत दाबून धरायचे आणि बांबूच्या नळीनं ओठाच्या कोपऱ्यातून औषध ओतायचे. "मेंढरं गप राहायची, मी चावायचे," असं ती अजून अभिमानानं सांगते.

पहिलं सिरप मुलांनी थुंकलं. मग जिभेवर विरघळणारी पातळ पट्टी केली, ती टाळूला चिकटून बसली आणि महाळुंग्याच्या सोसायटीतल्या एका मुलानं तासभर भोकाड पसरलं. शेवटी चघळायची मऊ वडी जमली. जीवनसत्त्वांचा तो उग्र वास जांभळाच्या चवीखाली झाकला गेला. आकार कोकराचा घेतला. वस्तीवरची पोरं दिवसभर कोकरांच्या मागं असतात, तेव्हा त्यांना हा आवडणारच, असा तिचा हिशोब. मलाही तो पटला होता.

सगळ्या परवानग्या घेऊन वड्या दोन ठिकाणी दिल्या. महाळुंग्याची सोसायटी आणि अपेक्षाची वस्ती. आईनं किंवा आजीनं रोज जेवणानंतर एक वडी द्यायची, आणि आम्ही दर रविवारी माझ्या स्कूटरवरून जाऊन डब्या गोळा करायच्या. सोसायटीतल्या डब्यांत उरलेल्या वड्या असायच्या. कुणी अर्धी टाकलेली, कुणाला रंगच नको. वस्तीवरच्या डब्या मात्र लख्ख रिकाम्या. आमच्या मार्गदर्शक मॅडम इतक्या खूश झाल्या, की परिषदेच्या निबंधात त्यांनी स्वतः वाक्य घातलं, ग्रामीण मुलांनी वड्या शंभर टक्के स्वीकारल्या. खरं सांगायचं तर माझा जळफळाट झाला.

निबंध सोमवारी पाठवायचा होता. आदल्या दिवशी आम्ही शेवटच्या डब्या आणायला गेलो. अपेक्षा आईशी, कोंडाबाईंशी बोलत होती. धनाजीची मुलगी करिष्मा माझा हात ओढत म्हणाली, "माजी मेंढरं बगायची का?"

मला वाटलं, गोठ्यात नेतेय. तिनं घरामागं नेलं आणि भिंतीला लागून उपडी घातलेली पाटी उचलली. खाली जांभळी कोकरं होती, कळपच्या कळप. काही उन्हानं वितळून एकमेकांना चिकटलेली, काहींना मुंग्या लागलेल्या. भोवती काड्या रोवून दोऱ्याची जाळी केली होती, आणि बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं होतं.

मी अपेक्षाला हाक मारली. ती आली, बघितलं आणि करिष्माकडं वळली.

"एक पण खाल्ली न्हाईस?"

"चाटून बगितली. लई ग्वाड हाय. म्हनून तर मुंग्या येत्यात," करिष्मा म्हणाली. "समद्यांनी माज्याकडं राखाया दिल्यात."

"अगं, पन ती खायाची व्हती!"

करिष्मानं आत्याकडं असं पाहिलं, की मलाच अवघडल्यासारखं झालं. "कोकरू कुनी खातं व्हय?"

कोंडाबाई मागं येऊन उभ्या होत्या. "आमी हातावं ठिवायचो, पोरगी पळायची खेळाया. खाल्लीच आसंल म्हनलं. तूच कोकरू करतीस आन् तूच म्हनतीस खा! आन् ते बी काळं. हिच्या काळीला वाघरानं न्हेली, इसरलीस व्हय?"

बिबट्याला वस्तीवर वाघरू म्हणतात. काळी म्हणजे करिष्माच्या अंथरुणात झोपणारं कोकरू. उन्हाळ्याच्या तोंडाला बिबट्यानं ते अंगणातून उचललं होतं. अपेक्षा तेव्हा प्रयोगशाळेत जांभळाचा रंग गडद करण्यात गुंतली होती.

सोमवारी मॅडमनी आमच्याकडून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती वस्ती अभ्यासातून वगळू. तसं कारण देता येतं. सोसायटीचे आकडे पुरेसे आहेत, तुझा प्रबंध वेळेवर जाईल."

"त्या पोरांसाठीच विषय घेतला होता, मॅडम," अपेक्षा म्हणाली. "त्यांनाच वगळून मी डॉक्टर कसली होऊ?"

निबंध गेला नाही. प्रबंध वर्षभर लांबला. मला तिचा भयंकर राग आला, कारण आम्ही दोघींनी एकाच दिवशी डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. आता मी एकटी होणार, आणि पेढेही एकटीनंच वाटणार.

अपेक्षानं साधी गोल वडी करून पाहिली. पोरं तिनं गोट्या खेळली. मग तिनं जे आधी करायला हवं होतं ते केलं. करिष्मालाच विचारलं, "तू काय खाशील?"

करिष्मानं विचार करायला एवढासाही वेळ घेतला नाही. "वाघरू."

साचा अपेक्षानं स्वतः कोरला. बिबट्या कमी आणि फुगलेला बोका जास्त, असं मी तिला रोज चिडवत होते. परवानग्या पुन्हा घेतल्या. या वेळी डब्या गोळा करायच्या भानगडीत ती पडली नाही. रोज संध्याकाळी वस्तीवर पोरांच्या समोर बसायची, वडी द्यायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची.

पहिल्या दिवशी मीही गेले होते. बाकीच्या पोरांनी वाघरं बघता बघता फस्त केली. करिष्मानं मात्र घाई केली नाही. आधी पाय तोडले. "आता पळ की," असं त्याला म्हणाली. मग मुंडकं, मग शेपूट. सगळं चावून चावून गिळलं आणि डबीत डोकावली.

"ही समदी खाल्ली की काळी येनार?"

अपेक्षाच्या जागी मी असते तर हो म्हणाले असते. पोर रोज न चुकता खाईल, अपेक्षाचं काम फत्ते होईल, कुणाचं काय बिघडतंय? अपेक्षानं डबीचं झाकण लावलं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "काळी न्हाई येनार."

करिष्मानं मान खाली घातली. मग करिष्मानं मान वर केली आणि कुणी न सांगता तोंड उघडलं. जीभ जांभळी झाली होती, आणि तोंडात काही शिल्लक नव्हतं.