उतारावरचं डावं वळण

सुविधा कांबळे निपाणीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. चाळिशी उलटल्यावर शुगर वाढायच्या बेतात आहे असं तिच्याच मशीननं तिला सांगितलं, तेव्हा तिनं गिअरची सायकल घेतली. रोज सकाळी स्तवनिधीचा चढ चढायचा आणि माघारी यायचं. चढाचं तिला काही वाटत नसे. भीती होती ती परतीच्या उतारावर येणाऱ्या एका डाव्या वळणाची.

तिथंच ती पडली. ट्रॉलीतून सांडलेलं उसाचं पाचट वळणावर पसरलं होतं. ते बघून तिनं भर वळणात ब्रेक आवळला आणि मागचं चाक निसटलं. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. आई तानुबाईनं हळद लावली आणि सायकल विकून टाकायला सांगितलं.

सुविधानं ती विकली नाही. पण आपण का पडलो, हे तिला कळेना. भाऊ बुद्धप्रिय मोटारसायकलवाला. त्याचं म्हणणं, अंग वळणाच्या आत झोकायचं, गाडी शक्यतो उभी ठेवायची. तिच्याबरोबर सायकल चालवणारे कृष्णातअण्णा रिटायर बस ड्रायव्हर. ते म्हणाले, अंग सरळ ठेवायचं, सायकल तेवढी कलवायची. दोघांचं एकमत एवढ्यावरच होतं, की ब्रेक वळणाच्या आधी मारायचा आणि बाहेरचा पाय खाली दाबून सगळं वजन त्याच्यावर टाकायचं.

रविवारी रिकाम्या मैदानावर तिनं दोन्ही करून बघितलं. अंग झोकलं की हँडल डगमगायचं. सायकल कलवली की आपण आता जाणार, असं वाटून ती पाय टेकवायची. त्यात बाहेरचा पाय कुठला, हे ठरवेपर्यंत वळण संपायचं. लॅबमध्ये तिच्या सुईला शीर कधी चुकत नाही. इथं स्वतःचेच पाय तिला ओळखू येईनात.

तरी आठवड्याभरानं ती पुन्हा त्या उताराला लागली. कृष्णातअण्णा मागं होते. वळण जवळ आलं, तिनं वेग कमी केला, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर निम्मा रस्ता अडवून वर येताना दिसला. आता झोकायचं की कलवायचं, याचा विचार करायला वेळच नव्हता. ट्रॅक्टर आणि कठडा यांच्यामधली मोकळी वाट तिला दिसली, तिच्यावर नजर ठेवून ती वळली, आणि पुढच्याच क्षणी सरळ रस्त्यावर होती.

खाली येऊन ती थांबली. अण्णा आले.

"झक्कास वळलीस गं. उजवा पाय खाली होता न्हवं?"

"ठाऊक न्हाय अण्णा."

"आणि अंग? आत घेतलंतंस का सरळ?"

"तुम्ही मागं होता की. तुम्हाला काय दिसलं?"

"मी ट्रॅक्टरकडंच बघत होतो," अण्णा म्हणाले.

घरी येऊन तिनं स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून उजवा पाय दाबून बघितला, मग डावा. दोन्ही सारखेच वाटले. दुसऱ्या दिवशी सगळं ठरवून, पाय मोजून वळायला गेली, तर सायकल पार पलीकडच्या पट्टीत गेली. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा नीट वळली, कशी ते तिला सांगता येणार नाही. आता महिना झाला, ती रोज त्याच उतारावरून येते. पडलेली नाही. वळण दिसलं की मात्र अजूनही आईचा सल्ला ऐकावा असं तिला वाटतं, आणि तेवढ्यात वळण मागं पडलेलं असतं.