हप्ता कमी होत नाही

हे मी कोणाले सांगतलं नाही. माहेरी नाही, देवाजवळही नाही — देवाजवळ तर मी अजून गोष्ट फिरवूनच बोलते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सांगून राहिली.

घर आमचं रायपूरले, पुरानी बस्तीच्या मागं. दोनच खोल्या, पण पत्र्याच्या नाही, स्लॅबच्या! त्यासाठीच कर्ज काढलं होतं. आमचे हे सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात. तिथं मशीनचा आवाज असा, की घरी आले तरी ओरडूनच बोलत. कानात शिट्टी वाजते म्हणत. पण तेव्हा ऐकू येत होतं बरं — मी भांडं जरा आपटलं तरी विचारत, "काहून चिडली?"

मग सासऱ्यांची अभनपूरची जमीन विकली न् यांचा वाटा आला. यांचा, माझा नाही. हे म्हणाले, "सगळा कर्जात भर. हप्ता कमी झाला की मी कारखाना सोडतो." बस्तीतला एक मित्र पंप दुरुस्तीच्या दुकानात बोलावून राहिला होता. पगार अर्धा. दुकानात जायले यांनी जुन्या सायकलीले तेल घातलं, टायर बदलले. एवढा खुश माणूस मी लग्नातही पाहिला नव्हता.

यांची ड्यूटी, म्हणून बँकेत मी एकटी गेली. कर्ज दोघांच्या नावावर, न् असले व्यवहार माझ्याकडंच. तिथल्या मॅडमनं सरळ विचारलं — "हप्ता कम करना है, या साल?" म्हणजे, हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज लवकर संपते, नाहीतर वर्षं तेवढीच, पण हप्ता हलका.

काय झालं मले? भीती वाटली — अर्ध्या पगारात कसं निभणार? न् खरं सांगू? लाज वाटली. जावांनी विचारलं तर काय सांगू, नवरा पंप खोलते? मी म्हटलं, "साल."

घरी येऊन यांले सांगतलं — हप्ता कमी होत नाही, बँकेचा नियमच आहे.

यांनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. "जाऊ दे," म्हणाले. सायकल दूधवाल्याले देऊन टाकली न् सकाळी कारखान्याची बस पकडली. मग किती वर्षं पकडत राहिले! कर्ज लवकर फिटलं, हे खरं. सगळ्यांनी माझी तारीफ केली, यांनी सगळ्यांत जास्त. तोवर यांचे कान गेले होते. डॉक्टर म्हणाले, त्या आवाजातून आधीच निघायले पाहिजे होतं.

आता यांले खरं सांगायचं तर ओरडून सांगावं लागन. शेजारीही ऐकतील.

परवा पुतण्या आला. त्यालेही घराच्या कर्जात एकदम मोठी रक्कम भरायची आहे. हे मोठ्यानं म्हणाले, "हप्ता कमी नाही होत, बेटा! तुझ्या काकीनं विचारलं होतं." पोट्ट्यानं माझ्याकडं पाहिलं. "सच में, काकी?"

मी मान डोलावून म्हटलं, "हव."

आज तो बँकेत गेला. दुपारी यांचा फोन वाजला — तो आता मीच उचलते — त्यावर पुतण्याचं नाव. हे समोरच बसून शेंगा सोलून राहिले होते. फोन थांबला, पुन्हा वाजला. मी उचलला नाही.

यांनी मान वर केली, माझं तोंड पाहिलं. "काहून, बरं नाही वाटत का?" म्हणाले, न् सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

मी खाल्ले.