माझ्या नावाचा कडू घास

आमच्या यांनी एसटीची ड्रायव्हरकी संपल्यावर सोनं घेतलं नाही, प्लॉट घेतला नाही. एका शाळेची मोडीत निघालेली बस घेतली. बाकडी उपटली, पलंग ठोकला, शेगडीपुरता ओटा केला, टपावर सोलरच्या पाट्या बसवल्या आणि पलंगाखाली चार बॅटऱ्या ठेवल्या. रात्रभर सावकाश वीज देत राहतात तसल्या, आणि एकेक उचलायला तुरीच्या पोत्यासारखी. "जन्मभर लोकायले फिरवलं, आता तुले फिरवतो," म्हणाले. मी हसले होते. पण खरं सांगते, त्या बसनं मला पन्नाशीनंतर जग दाखवलं. पोहरादेवीच्या जत्रेच्या गर्दीत लोक उघड्यावर अंग टाकून होते आणि मी माझ्याच पलंगावर पंख्याखाली झोपले होते.

माझ्या धाकट्या जावेला ते बघवलं नाही. एका लग्नात, भर पंगतीत ती म्हणाली, "म्हातारपनी भंगारात संसार मांडला यायनं." झालं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. वावरं लागून, विहीर एक, तरी समोरून आली की मी तोंड फिरवायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी मी.

मग माझ्या छातीनं दगा दिला. अकोल्याच्या डॉक्टरांनी रात्री तोंडाला मास्क लावून झोपायचं मशीन दिलं. ते बंद पडलं की मी गुदमरून उठते. घरी वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. बसमधल्या बॅटऱ्या मात्र मेल्या होत्या, आणि त्या यांनीच मारल्या होत्या. बॅटरीत घालायचं पाणी संपलं म्हणून यांनी बोअरचं भरलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं घागरीला आतून क्षाराची पांढरी खर धरते, मग बॅटरीचं काय होणार? मी तेव्हा इतकी बोलले की हे जेवायचं विसरले.

त्यानंतर मी भिंतीतल्या त्या प्लगला दाव्यानं बांधल्यासारखी झाले. सकाळी कुठंही जा, पण रात्री खुंट्यावर परत. पुण्याचा मुलगा फोनवर एकच धोशा लावायचा, बस विकून टाका. शेवटी असं ठरलं की नव्या बॅटऱ्या टाकायच्या आणि एक रात्र मी बसमध्ये, वावरात झोपायचं. रात्र निघाली तर बस राहील, नाही तर भंगारवाल्याला जाईल. मी तोंडानं "चालते" म्हटलं, पण मनानं नाही. बस गेली असती तर माझं उरलेलं आयुष्य त्या एका भिंतीपाशी गेलं असतं.

सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, आणि आमची काळी माती ओली झाली की चप्पलसुद्धा सोडत नाही. कारंज्याहून नव्या बॅटऱ्या घेऊन आलेला टेम्पो डांबरी रस्त्यावरच थांबला. बस आत, विहिरीजवळ. यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गावातले चौघं बोलावले. मी बसमध्ये त्यांच्यासाठी चहा ठेवत होते, त्यामुळे बाहेरचं मला काही दिसलं नाही. काय घडलं ते मला नंतर सगळ्यांनी सांगितलं.

चौघांनी बांबूची शिडी आडवी केली आणि टेम्पोपर्यंत न्यायला आधी दोन जुन्या बॅटऱ्या तिच्यावर दोरीनं बांधल्या. त्यांतलं तेजाब पाझरत होतं. ते कोणाच्या अंगावर उडू नये म्हणून यांनी वरून आपलं जुनं पांढरं धोतर टाकलं. शिडी चौघांच्या खांद्यांवर. चिखल म्हणून सगळे अनवाणी. तेजाब सांडलंच तर त्यावर ओतायला खायच्या सोड्याचं पाणी हवं, आणि बादली सापडली नाही, म्हणून यांनी ते मडक्यात घेतलं. मडकं हातात धरून हे पुढं, मागं चौघं, आणि वजनानं कोणाच्या तोंडून शब्द नाही.

नाल्यापलीकडे कपाशीतलं तण निंदणाऱ्या बायांनी हे पाहिलं. मी आजारी आहे हे गावाला ठाऊक होतंच.

मला आधी रडणं ऐकू आलं. "ओ माय वं, माही बाई गेली वं!" मी चहाचं भांडं हातात घेऊन दारात आले. पाहते तर धाकटी जाऊ धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, धावत येतेय, पदर सुटलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. मागं पाच-सहा बाया. माझ्या मनात आलं, हिच्या माहेरचं कोणी गेलं वाटतं.

"कोन गेलं वं?" मी विचारलं.

ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि चिखलातच बसली.

"तुमी काय करून राह्यल्या?"

"चहा."

"मंग त्या तिरडीवर काय हाये?"

"बॅटऱ्या."

"बॅटऱ्यायले धोतर कायले नेसवलं?" असं म्हणून ती संतापली, आणि संतापता संतापता पुन्हा रडायला लागली. "मले वाटलं, बोलल्याबिगरच चालल्या तुमी."

मी खाली उतरले आणि तिला उठवलं. तिचं तोंड माझ्या खांद्यात आणि तिचा चिखल माझ्या लुगड्याला. आपल्या मरणाला एवढं कोणी रडेल, तेही हिनं रडावं, असं मला वाटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. लाज वाटली, पण बरं वाटलं.

तेवढ्यात रस्त्याकडून हे परत फिरले. बसपाशी बाया जमलेल्या, रडण्याचा आवाज, आणि मी त्या घोळक्यात दिसेना. यांनी मडकं तिथंच टाकलं आणि ती ऑपरेशनची कंबर घेऊन पळत आले. "काय झालं हिले? बाजूले व्हा," म्हणत बाया सारत आत घुसले. मी समोर दिसले तसे माझा दंड धरून उभे राहिले. तो चेहरा मला अजून दिसतो.

मग सगळे हसायला लागले. "आयुष्य वाढलं तुमचं," एक म्हातारी म्हणाली. आलेच आहेत म्हणून सगळ्यांनी हात लावला. नव्या बॅटऱ्या आणताना जाऊ पांढरं धोतर टाकू देईना. तिनं आपला निंदणाचा हिरवा रुमाल वर टाकला. पलंगाखाली बॅटऱ्या बसल्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. "कुंकू तारेपाशी नका लावू," हे तेवढं एकच बोलले.

आता आणखी एक घोटाळा उरला होता. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही. भाऊबंदांतून पिठलं-भाकर येते, त्याला कडू घास म्हणतात. बातमी ऐकल्याबरोबर जावेच्या सुनेनं आमच्यासाठी तो रांधून ठेवला होता. अपशकुन नको, गाईला घाला, असं सगळ्या म्हणाल्या.

"माह्या नावाचा घास गाईनं काहून खावा?" मी म्हटलं. "आन इकडं."

संध्याकाळी बसमध्ये बसून तो आम्ही तिघांनी खाल्ला. पिठल्यात मीठ कमी होतं, आणि मी ते सांगितलं. "तुमच्याच दुखात विसरली ना पोरगी," जाऊ म्हणाली आणि भांडी घेऊन घरी गेली.

झोपताना मी मास्क लावला. भीती वाटत होती. दिवसभर मरणाची थट्टा झालेली, ती खरी ठरली तर काय, असं मनात येत होतं. हे पलंगाच्या कडेला बसून राहिले. मी म्हटलं, झोपा आता. नाही झोपले.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. मी हलले नाही, आधी कान दिला. मशीन चालू होतं, रात्रीसारखंच, एका सुरात. हे बसल्या बसल्या झोपले होते, एक हात बॅटऱ्यांच्या फळीवर. मी मास्क काढला आणि पोटभर रडले, आवाज न करता, त्यांची झोप मोडू नये म्हणून. मुलाला फोन नंतर करता आला असता.

दारावर थाप पडली.

"बाई, हाये का?" जावेचा आवाज.

"हाये."

तिनं दार ढकललं. पाय धुतलेले, नवं लुगडं, हातात कपड्यांची पिशवी. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "भंगारात मले एक जागा हाये का?"

मी पाय आखडले आणि तिला पलंगावर बसायला जागा करून दिली.