राहिलेले नऊ किलोमीटर

वाल सोलताना बायकोचा हात थांबला की मी ओळखायचो, आता ही काहीतरी काढणार. त्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही दोघं ओट्यावर मोड आलेले वाल घेऊन बसलो होतो. अंगठ्यानं दाणा दाबायचा, साल हातात, डाळिंबी पातेल्यात. तिचा हात थांबला.

"यंदा जायचं का वो? नऊ किलोमीटर तर हायेत."

मी म्हटलं, "नऊ किलोमीटर चालायची एवढी हौस आसंल तर खालापूरच्या रस्त्यानं चाल. डांबरी हाय."

तिनं एक साल माझ्या अंगावर फेकली आणि परत सोलायला लागली. आमच्यातलं शेवटचं धड बोलणं ते. तेही असं.

हे नऊ किलोमीटर कुठले ते सांगायला पाहिजे, नाहीतर ती बाई तुम्हाला समजायची नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जमेल तसं लिहितो. तिचं नाव मी हयातीत कधी घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ.

कडावला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ती आधी माझी गिऱ्हाईक. तिच्या बापाच्या म्हशी होत्या, वरच्या अंगाला डोंगराखाली घर. बापाचा गुडघा गेला तशी तीच दूध घेऊन कर्जतला जायला लागली. पुरुषी दांड्याची काळी सायकल, मागं दोन किटल्या, साडीचा काष्टा मारलेला. नाक्यावरची सगळी माणसं बघत बसायची. मीपण बघायचो, खोटं कशाला सांगू.

तिची एक तऱ्हा होती. चढाला सायकल मारायची आणि उताराला खाली उतरून चालायची. तुम्ही सायकल चालवली असेल तर तुम्हाला कळेल, जग याच्या उलटं करतं. चढ चढायचा तो उताराच्या आशेनंच ना? ही चढावर घामानं भिजायची, आणि माथ्यावर पोचली की उतरून हँडल धरून चालायला लागायची. विचारलं की म्हणायची, "चढाला सायकल आपलं ऐकते. उताराला ती दुधाचं ऐकते."

आमचं लग्न झालं, म्हशी गेल्या, पिशवीचं दूध आलं. किटल्या माळ्यावर गेल्या. हिची तऱ्हा काही गेली नाही. कर्जतला वाल विकायला रिकाम्या कॅरियरनं जायची तरी उतार आला की खाली. मी पुढं जाऊन थांबायचो, तर लांबून ओरडायची, "तुमी व्हा पुढं!" नाक्यावर लोक मला हसायचे. "मिस्त्री, घरच्या बाईचा तुमच्या ब्रेकवर इस्वास नाय, आन आमी ठेवायचा व्हय?" मी तिच्या सायकलीला दर वर्षी नवे ब्रेकचे रबर घालायचो. डोळे मिटून बसावं असे ब्रेक. तरी बाई चालत. सांगा, राग येणार नाही?

आमच्या रस्त्यानं शनिवार-रविवारी मुंबईकडचे सायकलवाले येतात, रंगीत टोप्या घालून. काही बिघडलं की माझ्याकडे. त्यांचा म्होरक्या एकदा म्हणाला, "काका, आम्ही हिमाचलात स्पितीला चाललोय. मेकॅनिक म्हणून येता का?" मी नाही म्हणणार होतो. ही आतनं पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "येतील. मीपण येते. माझ्या सायकलीनं."

तो हसला. तिला ओळखत नव्हता. एका गिऱ्हाइकानं टाकलेली गियरची सायकल मी तिच्यासाठी उभी केली. चार महिने आम्ही सकाळी खालापूरला जाऊन यायचो. जाताना येताना जेवढे उतार तेवढ्या वेळा ही खाली. मी म्हटलं, "अगं, तिकडं बारा-बारा किलोमीटरचे उतार हायेत." म्हणाली, "मंग बारा किलोमीटर चालायचं. पाय काय भाड्यानं आणलेत?"

स्पिती म्हणजे काय सांगू. झाड नाही, गवत नाही, नुसते उघडे डोंगर, आणि मधून दगडगोट्यांचा रस्ता. श्वास पुरत नाही. तीस वर्षांची पोरं चढावर बसकण मारायची आणि ही बाई साठीला टेकलेली, खाली मान घालून, एका लयीत. चढाला ती सगळ्यांच्या पुढं. पोरं टाळ्या वाजवायची. उतार लागला की तीच पोरं सूं करून निघून जायची, आणि मी हिच्याबरोबर मागं. मुक्कामाला आम्ही पोचेपर्यंत बाकीच्यांचा चहा पिऊन, कपडे वाळून झालेले असायचे. सहा दिवस हेच. रोज माझं डोकं तापायचं.

म्होरक्याचा एक नियम होता. एकट्याला मागं सोडायचं नाही. दोघं असतील तर सामानाचा टेंपो त्यांच्या मागनं हळूहळू येईल. एकटा माणूस मागं राहिला की सरळ टेंपोत. नियम बरोबरच होता, मी काही त्याला नावं ठेवत नाही. पण हिला ती सगळी वाट सायकल घेऊन स्वतः पुरी करायची होती. चढावर बसून, उतारावर चालून, पण टेंपोत नाही. दुसरं काहीच तिला नको होतं. देऊळ नको, फोटो नको.

सातव्या दिवशी कुंझुमची खिंड आली. वर वारा असा की तिथं बांधलेल्या पताका फाटतील. खाली बारा किलोमीटर वळणावळणाचा उतार. सगळे गेले. ही माथ्यावर उतरली, पदर खोचला आणि हँडल धरलं. माझा बांध फुटला.

"आज बस. एकदा बस. माझे ब्रेक हायेत ते. जगाला चालतात, तुलाच नाय चालत."

तिनं सायकल रस्त्याच्या कडेला घेतली. मग म्हणाली, "तुमी त्येल घातलं होतं."

"कधी?"

"लग्नाच्या आधी. पयल्यांदा सायकल तुमच्याकडं आणली तवा. मी न सांगता चाकाला, ब्रेकला, समद्याला त्येल. वर हसून म्हणालात, भरपूर घातलंय, आता पळेल. खालच्या उताराला ब्रेक दाबला तर रबर रिमवरनं नुसतं घसरतंय. गेले शेतात. दोन्ही किटल्या आडव्या."

तिच्या कोपरावर एक लांब वण होता. मला सांगितलं होतं, गावातल्या एकाची म्हैस आडवी आली म्हणून पडले. त्या म्हशीच्या मालकाशी मी जन्मभर नीट बोललो नव्हतो. त्याच्या पोरीच्या लग्नालाही गेलो नाही. तो बिचारा मरून गेला, त्याला शेवटपर्यंत कळलं नसेल मिस्त्री आपल्यावर का फुगलाय.

मी म्हटलं, "तवाच का नाय सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर बानं तुमच्या दुकानाची पायरी चढू दिली नसती."

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी माणसानं काय करावं? खाली उतरावं, तिच्या सायकलीचं हँडल धरावं, बरोबर चालावं. मला तेल घातलेलं आठवत होतं. चांगलं आठवत होतं. तिला बरं वाटावं म्हणूनच घातलं होतं. मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की राग येतो. मी म्हटलं, "चाळीस वरसं नवे रबर घालतोय ते काय कुत्र्याला?" ती म्हणाली, "ब्रेक चांगलेच हायेत वो. पायच ऐकत नायत, त्याला मी काय करू."

मी सायकलीवर बसलो आणि एकटा खाली निघून गेलो. नियम मला माहीत होता.

खाली नदीकाठी एक धाबा आहे, तिथं सगळे थांबले होते. मी चहा घेतला, प्यालो नाही. वर ढग उतरले. तासाभरानं टेंपो आला. तिची सायकल टपावर बांधलेली. ती पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून. तीन किलोमीटर चालली होती. ड्रायव्हर म्हणाला, "माताजी बैठने को तैयार ही नहीं थीं." ती माझ्याकडे बघून एवढंच बोलली, "नऊ राह्यले."

शेवटच्या दिवशी सगळ्यांना बिल्ला मिळाला. तिनं घेतला नाही. "मी पुरी नाय केली," म्हणाली. म्होरक्यानं हात जोडले तरी नाही.

घरी आल्यावर ती मला त्यावरून एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मीपण बोललो असतो, मिटलं असतं. अधूनमधून फक्त तिचा हात थांबायचा आणि ती नऊ किलोमीटर काढायची. मी कधी गुडघ्याचं सांगायचो, कधी दुकानाचं, कधी भाताचं. माझं चुकलं, हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. वर्ष गेलं. आणि त्या संध्याकाळी मी तिला खालापूरच्या रस्त्यानं चाल म्हणालो.

सकाळी ती उठली नाही. मी दोनदा हाक मारली, मग खांद्याला हात लावला. कर्जतवरनं डॉक्टर आला, त्यानं हात बघितला आणि मान हलवली. झोपेतच गेली म्हणाला. शेजारचे जमले. तिच्या भावाला निरोप धाडला. बायकांनी तिला घेरलं, मला कोणी ओट्यावर बसवलं. मी उठून मागच्या पडवीत गेलो आणि म्होरक्याला फोन लावला.

"काका, एवढ्या सकाळी?"

"यंदा कधी निघताय?"

"ऑगस्टात. का? काकू परत तयार झाल्या वाटतं!"

"ती गेली. आज पहाटं."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काका, मी येतो. आत्ता निघतो."

"ये. पर आधी माझं नाव लिही. खिंडीच्या खाली जिथं तिला टेंपोत बसवली तिथं मला उतरवायचं. तिची सायकल घेऊन मी तिथून चालत खाली येणार."

"काका, हे नंतर बोलू. आणि एकट्याला आम्ही मागं ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मंग कोणीतरी थांबा माझ्यासंगं," मी म्हटलं. "मी नव्हतो थांबलो."

तो म्हणाला, "मी थांबतो."

फोन खिशात टाकला आणि पुढच्या अंगणात गेलो. भाऊबंद बांबू घेऊन आले होते. मी खाली बसलो आणि सुतळी सोडवायला लागलो.