कोपरापर्यंत हात

कापसाला सोन्याचा भाव आला त्या उन्हाळ्यात मी सोळा वर्षांची होते आणि विधवा होते. पाचव्या वर्षी लग्न, आठव्या वर्षी कुंकू पुसलं. नवऱ्याचं तोंडही मला आठवत नव्हतं. पण आम्हा कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, तेव्हा जन्म काही वाया गेला नव्हता. बाप बरा मुलगा बघत होता.

अमरावतीच्या वेशीबाहेर आमचं घर. बाप आपला नि शेजारपाजारचा कापूस अंगणात रचायचा. मुंबईच्या पेढीचे पारखी यायचे आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायचे, आत ओल तर नाही. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारत, हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. माझा बाप त्यातला नाही, हे मी देवाच्या पायावर हात ठेवून सांगितलं असतं.

त्या पारख्यांत एक अठरा-एकोणीस वर्षांचा होता, समुद्राकाठच्या गावचा, तिकडचा कुणबीच. उन्हं चढली की तो आमच्या विहिरीवर पाणी प्यायला यायचा. मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची आणि तो समुद्राचं सांगायचा. पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे, आणि पाणी खारट! आमची विहीर तळाला गेलेली. मला वाटे, हा थापा मारतो. पण तो आला नाही त्या दिवशी मी दहादा वाटेकडे बघितलं. जीव जडला होता माझा, लपवू कशाला?

एक दिवस तो म्हणाला, तुझ्या बापाला पाटाचं विचारतो. मी हरखले, आणि घागर घेऊन घरात पोचेपर्यंत संशयानं मला धरलं. याला मी हवी आहे, की आमच्या अंगणातल्या कापसाची आतली बातमी? घरातली पोरच फितूर झाली तर पारख्याला आणखी काय पाहिजे! रात्रभर हेच डोक्यात.

मग मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर हळूच म्हटलं, "गोठ्यापासचा ढीग वला हाय. कोनाले सांगू नको." धादांत खोटं होतं ते. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओंजळ झटकली आणि गेला.

सकाळी तो आणि दुसरा एक वयस्क पारखी आले. अंगणात नऊ ढीग. मी दाराआडून बघत होते. हा पठ्ठ्या सरळ गोठ्याकडे गेला आणि त्याच ढिगात कोपरापर्यंत हात घातला. 'कोरडा' म्हणाला तेही ऐकलं. पण ढीग कोरडाच होता, त्यात त्याचे उपकार कसले? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी तो खरंच विचारायला आला. बाप आत येऊन माझं मन विचारू लागला. मी चुलीपासून तोंडही वळवलं नाही.

"हाकलून दे त्याले, बा."

का, असं बापानं विचारलं नाही. तसाच बाहेर गेला.

पुढे रेल्वे आली, कापसाचा भाव पडला, माझा पाट तिवशाच्या एका बिजवराशी लागला. माणूस वाईट नव्हता.

बाप शेवटच्या दुखण्यात पडला तेव्हा मी माहेरी आले. एका दुपारी तो आपणहूनच बोलला.

"गोठ्यापासचा ढीग वलाच होता, बाई. त्या पहाटे मीच पानी मारलं. दुसरा पारखी तिकडंच वळला, तं ते पोरगं आडवं गेलं. हात वला निघाला, म्या पाह्यला. धोतराले पुसला अन् कोरडा म्हनला."

पुढे मुंबईत तो कापूस उघडला तेव्हा आत काळा पडलेला निघाला आणि पेढीनं त्या पोराला काढून टाकलं, हेही बापाला कळलं होतं. मी सांगितलं होतं म्हणूनच तो आडवा गेला, हे मात्र म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं.

"मंग मी हाकलून दे म्हटलं, तवा तू कावून बोलला नाही, बा?"

"कोन्या तोंडानं सांगू तुले, का तुया बाप चोर हाय म्हनून?"

चार दिवस मी त्याचं सगळं केलं. कण्या भरवल्या, अंग पुसलं, तोंडात पाणी घातलं. एक शब्द बोलले नाही. पाचव्या दिवशी तो गेला.